शिलेली म्हणू नका

आधी तो रेनकोट उतरवा. खिशातला फोन, मनगटावरचं घड्याळ, पायातले रबरी बूट, सगळं इथेच ठेवा. हा जाडाभरडा लोकरी कोट अंगावर चढवा. गुडघ्याखाली लोंबतोय, लोंबू द्या. त्या लोंबत्या टोकाचं काम पुढे पडणार आहे. आणि एक शब्दही इथेच ठेवून चला: शिलेली. आयरिश माणसाच्या गाठीदार सोट्याला सगळं जग याच नावानं ओळखतं. पण आपण निघालोय त्या गावात तो तोंडातून काढलात, तर लोक एवढंच समजतील की हा पाहुणा एकतर इंग्रज आहे, नाहीतर नाटकमंडळीतला.

साल 1829, महिना जानेवारी. आयर्लंडमधल्या टिपरेरी काउंटीचा पश्चिम भाग, लिमरिकच्या हद्दीला लागून. रात्री पाऊस पडून गेलाय आणि तुमचे पाय घोट्यापर्यंत चिखलात. समोर शेताचं कुंपण आहे, जिवंत काटेरी झुडपांचं. काळी साल, पानं झडलेली, बोटभर लांब काटे. जपून हात लावा. काटा मोडून आत राहिला तर बोट पिकतं. वसंतात याच काळ्या फांद्यांवर पानांच्याही आधी पांढरी फुलं येतात आणि पानगळीच्या दिवसांत तोंड वाकडं करायला लावणारी निळसर काळी फळं धरतात. इंग्रजीत याला ब्लॅकथॉर्न म्हणतात. इथली माणसं म्हणतात द्राइन.

कुंपणाशी एक म्हातारा गुडघे टेकून माती उकरतोय. काठी तोडायची तर माती कशाला उकरायची, असं तुमच्या मनात येईल. जवळ जाऊन बघा. सोट्याचं डोकं फांदीत नसतं, मुळाशी असतं. खोड जिथे मुळाला मिळतं तिथे लाकडाचे रेषे एकमेकांत गुंतून एक गाठ झालेली असते आणि ती गाठ सहसा फुटत नाही. म्हातारा तेवढी गाठ शाबूत ठेवून मूळ कापतो. हेही काम हिवाळ्यातच उरकायचं, कारण तेव्हा झाडातला रस कमी झालेला असतो आणि लाकूड वाळताना कमी तडकतं.

“आज चालतं,” म्हातारा म्हणतो. “नोव्हेंबरच्या अकराला नाही, मेच्या अकराला नाही. ते दिवस त्यांचे.”

‘त्यांचे’ म्हणजे कोणाचे, हे विचारू नका. झुडपात राहणाऱ्या त्या मंडळींचं नाव इथे मोठ्यानं घेत नाहीत. अगदीच वेळ आली तर ‘भली माणसं’ म्हणतात.

त्याच्या मागोमाग घरात चला. मान खाली घाला, दार बुटकं आहे. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, मध्ये पीट जळतंय. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा या, लाकडापेक्षा सावकाश जळतात आणि धूर असा देतात की तुमचा कोट पुढे महिनाभर सांगत राहील तुम्ही कुठे होतात ते. डोळ्यांतून पाणी आलं तरी वर बघा. धुराड्याच्या आत, काजळीत, चार-पाच काठ्या उभ्या टांगलेल्या दिसतील. त्यांना लोणी चोपडलंय. मधूनमधून काढायच्या, पुन्हा चोपडायच्या, पुन्हा टांगायच्या. लोणी लाकडाला एकदम सुकू देत नाही, काजळी साल काळी करत जाते, धूर आतपर्यंत मुरतो. शेजारचा एकजण काठी शेणाच्या उकिरड्यात पुरून ठेवतो; त्यामागचा हिशोबही हाच, ओल हळूहळू जाऊ द्यायची. आज उकरलेली काठी हाताशी यायला कित्येक महिने लागतील, चोखंदळ माणूस असेल तर वर्षं. घरातली मुलं बटाट्यावर दिवस काढतात, लोणी भाड्यापोटी विकायचं असतं, आणि त्यातलं बोटभर काठीला लागतं. यावरून काठीचं घरातलं स्थान ओळखा.

आता म्हाताऱ्याला विचारा, याला काय म्हणता?

“कशाला?” तो उलट विचारेल. कारण त्याच्या लेखी तिथे एक वस्तू नाहीच, निरनिराळ्या वस्तू आहेत. साधी हातातली काठी ती बाता. या झुडपाची असेल तर बाता द्राइन. लाकडाचा कोणताही दांडका, मग तो चुलीशेजारचा का असेना, माद्ये. टोकाला गाठ असेल तर अल्पीन. तीच गाठवाली पण लांब, जाड, वासा म्हणावा अशी असेल तर क्लेह अल्पीन. हातभर काटकी ती किपीन, आणि ज्यानं तुमचं डोकं फोडायचं ठरवलंय तोही ‘माझी एवढीशी किपीन’ असंच म्हणेल, कारण नम्रपणाला इथे धमकीइतकंच वजन आहे. स्माख्तीन हा आणखी एक. स्माख्त म्हणजे वचक, शिस्त; त्याला लाडाचा प्रत्यय लावून झाला स्माख्तीन. आपला ‘बडगा’ आठवला ना? आपण ‘कारवाईचा बडगा’ म्हणतो तेव्हा लाकूड डोळ्यांपुढे येत नाही, वचकच येतो. इथे प्रवास उलट्या दिशेनं झाला, वचकाचं लाकूड झालं.

शिवाय झाडाप्रमाणे स्वभाव. ॲशची काठी लांब आणि हलकी, लवकर फिरते. हॉलीची जड. ओकची चांगली, पण ओक आता सामान्य माणसाच्या हाती लागतो कुठे? जंगलं जमीनदारांची. द्राइन मात्र कुंपणावर फुकट उगवतं आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. मला विचाराल तर ब्लॅकथॉर्नच्या सोट्याच्या कीर्तीत लाकडाच्या गुणाइतकाच या फुकटेपणाचा वाटा आहे.

आणि कायद्याचाही. 1695 च्या कायद्यानं कॅथलिक माणसाला हत्यार बाळगायला बंदी केली. तलवार गेली, बंदूक गेली. पण चिखलातून चालताना टेकायला काठी लागते, तिला कोणता शिपाई काय म्हणणार? म्हातारा कोपऱ्यातली एक जुनी काठी तुमच्या हातात देतो. उचला. डोक्याकडे हात एकदम खाली जातो. गाठ आतून पोखरून तिच्यात वितळवलेलं शिसं ओतलंय. अशा काठीला ‘भरलेली’ म्हणतात आणि ती भरलेली आहे हे मालक कधीच आपण होऊन सांगत नाही.

रात्री आगीशी बसलात तर दाग्दाची गोष्ट ऐकायला मिळेल. जुन्या देवांतला हा धिप्पाड, पोटसुटा, लापशीवर ताव मारणारा. त्याच्या सोट्याला लोर्ग म्हणत. एका टोकानं मारला की माणूस मरे, दुसरं टोक लावलं की उठून बसे. जुन्या हस्तलिखितांत तर असंही आहे की त्याचं हे लाकूड चाकांवर घालून ओढावं लागे, आठ माणसांचं ओझं, आणि जमिनीवर उमटलेली त्याची चाकोरी दोन प्रांतांमधल्या हद्दीच्या चरासारखी दिसे. म्हाताऱ्याच्या सांगण्यात आकडे वाढत जातात. त्याला अडवू नका.

आता थोडे महिने ओलांडा. उन्हाळा, जत्रेचा दिवस. सकाळपासून गुरांचे सौदे चाललेत: थुंकी लावून टाळी, टाळीवर टाळी, एक नाणं नशिबाचं म्हणून परत. दुपार कलते तसे सौदे मिटत येतात आणि तंबूंतली व्हिस्की उघडते. रस्त्याच्या या बाजूला ‘तीनवर्षे’ गोळा होताहेत, त्या बाजूला ‘चारवर्षे’. ही दोन टोळ्यांची नावं. कधीकाळी एका बैलाचं वय तीन की चार यावरून वाद झाला आणि मग आजोबांचं भांडण नातवांना वारशानं मिळालं, अशी इथली कथा. शेजारच्या भागात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ‘कॅरव्हॅट’ आणि ‘शानाव्हेस्ट’ होते. त्यांचं नाव एका फाशीवरून पडलं. गळ्यातला दोर म्हणजे एका बाजूचा गळपट्टा, म्हणून कॅरव्हॅट; दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्याचं जुनाट जाकीट, म्हणून शानाव्हेस्ट. पण त्या भांडणात बैलापेक्षा अधिक काही होतं. एकीकडे भूमिहीन मजूर, दुसरीकडे बऱ्यापैकी जमीन धरून असलेले शेतकरी. काठ्यांच्या आवाजात भाड्याचा आणि मजुरीचा हिशोब नीट ऐकू येत नाही, म्हणून सरकारी कागदांत तो बहुधा ‘आयरिश स्वभाव’ या खात्यात जमा झाला.

बघा, एकजण पुढे आला. कोट काढून त्याचं टोक चिखलातून ओढत तो रस्त्याच्या मधोमध येरझाऱ्या घालतोय आणि आपल्या बापाचं, आजाचं, गावाचं नाव घेऊन ओरडतोय. पाय ठेवा कोणीतरी या कोटावर! इंग्रजीत याला ‘व्हीलिंग’ म्हणतात. मराठी कानाला मात्र गंमत वाटेल: इथे आधी बाता मारतात आणि मग बाता. तुमच्या कोटाचं टोक उचलून कमरेला खोचा. आत्ताच. कोणी त्यावर पाय ठेवला तर तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.

द्यावंच लागलं तर काठी टोकाला धरू नका, ते नवख्याचं लक्षण. खालून साधारण एक तृतीयांश भाग सोडून मूठ घाला. गाठीचं टोक वर, आणि मुठीमागे उरलेला तुकडा मनगटापासून कोपरापर्यंत येतो तो हाताची ढाल होतो. वार मनगट फिरवून. नजर समोरच्याच्या कानशिलावर असली तरी फटका बहुतेक बोटांवर बसतो. बोटं सुजली की काठी आपोआप गळते. या सगळ्या विद्येला बातराख्त म्हणतात. शिकवणारे असतात, शिकणारी पोरं असतात, फी असते. दंगल म्हणून जे परदेशी प्रवाशांच्या रोजनिशीत आलं, त्यात पवित्रे आणि डाव होते हे फार थोड्यांना दिसलं.

बायका बाजूला उभ्या राहून रडताहेत असं समजू नका. त्यांच्या ओच्यात दगड आहेत आणि एकीनं मोज्यात दगड घालून गाठ मारलीय. काठीवाला पुरुष बाईवर काठी उगारत नाही, हा अलिखित नियम. बाईवर असा कोणताच नियम नाही. म्हणून तुम्ही काठ्यांकडे बघत असताना पाठीमागेही लक्ष असू द्या.

पुढच्याच वर्षी, 1830 मध्ये, विल्यम कार्लटनच्या गोष्टींचं पुस्तक डब्लिनमध्ये निघेल. टिरोनच्या शेतकऱ्याचा हा मुलगा या लढाया जवळून ओळखणारा. तो दोन प्रकार वेगळे करतो. टोळीची लढाई, तिच्यात थट्टा आहे, नाच आहे, संध्याकाळी एकत्र पिणंही आहे. आणि पक्षाची लढाई, ऑरेंजवाले प्रॉटेस्टंट विरुद्ध रिबनवाले कॅथलिक, तिथे कोणी हसत नाही. काठी तीच, पण दुसऱ्या लढाईत माणसं गप्प राहून मारतात. त्याची ही नोंद मला पुष्कळ इतिहासांपेक्षा मोलाची वाटते. तरी टोळीच्या लढाईतही मरण होतंच. 24 जून 1834 रोजी केरीमधल्या बॅलीआ इथल्या किनाऱ्यावर घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी हजारो माणसं भिडली आणि पळणारे कितीतरी कॅशन नदीत बुडाले. तिथे तुम्हाला नेत नाही.

त्याऐवजी कोर्टात चला. जत्रेतल्या एका फुटलेल्या डोक्याचा खटला उभा आहे. साक्षीदाराला इंग्रजी येत नाही, म्हणून शपथ घेतलेला दुभाषा मध्ये बसलाय. साक्षीदार सांगतो, याच्याकडे बाता होता, त्याच्याकडे अल्पीन, त्या तिसऱ्यानं गाडीचा माद्ये उपसला. त्याच्या दृष्टीनं हा फरक महत्त्वाचा आहे: बाता घेऊन आलेला घरून निघताना भांडणाच्या विचारात नसेलही, अल्पीन घेऊन आलेला नक्की होता. दुभाषा तिन्ही वेळा एकच शब्द म्हणतो. काठी, महाराज. काठी. काठी. कारकुनाची लेखणी क्षणभरही थांबत नाही.

1836 मध्ये इथली पोलीस दलं एकत्र करून निमलष्करी आयरिश कॉन्स्टॅब्युलरी उभी राहते. हिचा आपल्याशीही संबंध आहे. चार्ल्स नेपियरनं 1843 मध्ये सिंधमध्ये पोलीस दल उभारलं ते हाच नमुना समोर ठेवून, आणि तो कित्ता नंतर मुंबई इलाख्यानंही गिरवला. पण जत्रेतल्या काठ्या खाली पडल्या त्या केवळ पोलिसांमुळे नव्हे. 1838 पासून कॉर्कच्या फादर मॅथ्यूनं दारू सोडण्याच्या शपथा देण्याचा सपाटा लावला. आणि 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. तीनवर्षे आणि चारवर्षे दोघांच्याही झोपड्या रिकाम्या झाल्या. 1851 च्या शिरगणतीत आयरिश बोलणारे साधारण 15 लाख उरले होते.

मग शिलेली आली कुठून?

पूर्वेला या, डब्लिनच्या दक्षिणेला, विकलो काउंटीत. गावाचं नावच शिलेली. मूळ शीअल एलिग, म्हणजे एलाखचे वंशज. एका घराण्याचं नाव जमिनीला पडलेलं. इथे कधीकाळी ओकचं दाट अरण्य होतं. जहाजं, पिंपांच्या फळ्या आणि लोखंडाच्या भट्ट्यांसाठी कोळसा, या तिघांनी ते खाल्लं. टॉमनाफिनोग नावाचा एक तुकडा वाचलाय, तिथे ओकखाली उभं राहून अंदाज बांधता येतो. या अरण्यातल्या ओकचे सोटे म्हणून नाव शिलेली, असं एक मत. फ्रान्सिस ग्रोसच्या बाजारू इंग्रजीच्या कोशाची 1811 ची आवृत्ती हेच सांगते, आणि सोटा ओकचा असंही सांगते. काळ्या काट्याचं तिथे नाव नाही. दुसरं मत असं की मूळ शब्द साल एले, वादी लावलेला सोटा, मुठीतून निसटू नये म्हणून मनगटात अडकवायची चामड्याची वादी. मला वाटतं, दोन्ही शब्द इंग्रजी कानाला सारखेच ऐकू आले आणि गावाचं नाव नकाशावर आधीच छापलेलं होतं, म्हणून ते जिंकलं.

त्याला पसरवलं लंडनच्या रंगमंचानं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एखादं नाट्यगृह गाठा आणि शेवटच्या रांगेत बसा. हिरवा कोट, फाटकी टोपी, लाल नाक, हातात सोटा: आयरिश पात्र आलं. तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षक हसतात. तो डॉनीब्रूकच्या जत्रेचं आणि शिलेलीच्या डहाळीचं गाणं म्हणतो, जे त्या काळी घरोघरी माहीत होतं. डॉनीब्रूक ही डब्लिनची खरीखुरी जत्रा, 1204 च्या राजसनदेनं सुरू झालेली. 1855 मध्ये तिचे हक्क 3,000 पौंडांना विकत घेऊन ती बंद केली गेली. जत्रा गेली, पण इंग्रजीत ‘डॉनीब्रूक’ म्हणजे हाणामारी हा अर्थ मागे राहिला. सोट्याचंही तसंच झालं. हातातून गेला तेव्हाच नाव जगभर पोचलं, आणि तेही त्याच्या धन्यांनी न दिलेलं.

बाकीची नावं कुठे गेली ते पाहायचं तर डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, विसाव्या शतकाच्या आरंभी. केरीचा एक धर्मगुरू, पॅट्रिक डिनीन, शब्द गोळा करत बसलेला दिसेल. त्याचा आयरिश-इंग्रजी कोश 1904 मध्ये निघाला. 1916 च्या ईस्टरच्या उठावात छपाईच्या प्लेटा जळाल्या. त्यानं पुन्हा सुरुवात केली आणि 1927 मध्ये पहिल्यापेक्षा कितीतरी जाडजूड आवृत्ती आणली. अल्पीन, स्माख्तीन त्यात सापडतात. एकेका शब्दाला इतके चमत्कारिक आणि तपशीलवार अर्थ की विनोदी लेखक फ्लॅन ओब्रायननं आपल्या वर्तमानपत्री सदरातून त्याची पुष्कळ टर उडवली. टर उडवणाऱ्यानं कोश बारकाईनं वाचलेला होता, हे सांगायला नको.

अमेरिकेत फार थांबू नका, तिथे शिलेलीचं काहीही होतं. नोत्र दाम आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यात 1952 पासून रत्नजडित शिलेली देतात. पहिलं जिंकलं तर तीवर पाचूचं शॅमरॉकचं पान बसतं, दुसरं जिंकलं तर माणकाचं ट्रोजन योद्ध्याचं डोकं. बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या चिन्हातला बुटका तीवरच टेकून उभा आहे. 1960 च्या दशकात लष्करानं रणगाड्याच्या तोफेतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राला शिलेली नाव दिलं, आणि तो रणगाडा शेरीडन, म्हणजे पुन्हा आयरिश वंशाचा सेनापती. ड्रॅगन आणि जादूच्या खेळात शिलेली हा मंत्र आहे. साधी काठी त्यानं मंतरली जाते. मात्र न्यूफाउंडलंडला गेलेल्या एका कुटुंबानं काठीचे खरे डाव घरातल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि आता कॅनडात ते बाहेरच्यांनाही शिकवतात. वेळ असेल तर तिथे थांबा.

परतताना डब्लिनच्या दुकानातून एक काठी घ्यायचा मोह होईल. चकचकीत काळ्या रंगाच्या, चिकटपट्टीवर शॅमरॉक छापलेल्या घेऊ नका. साल नखानं खरवडून बघा. रंग निघाला तर ठेवून द्या. काट्यांचे तोडलेले बुंधे खरे असतात, चिकटवलेले नाही, आणि गाठ खोडाशी एकजीव हवी, स्क्रूनं बसवलेली नको. आणि ती सामानात टाका, हातात ठेवू नका. युरोपातल्या विमानतळांच्या नियमांत बंदी असलेल्या वस्तूंची यादी आहे. तिच्यात बेसबॉलची बॅट आहे, पोलिसांचा दंडुका आहे. बाता, अल्पीन, किपीन, स्माख्तीन, शिलेली यातलं काही नाही. त्या सगळ्यांसाठी तिथे ‘बोथट साधन’ एवढं एकच नाव आहे.